नव्वद दिवस न वाजलेली घंटा

साल दोन हजार बारा. धाकटी ओट्यापाशी उभ्यानंच जेवत होती आणि आप्पा शिवणयंत्रावरून मान वर न करता तिचं गाऱ्हाणं ऐकत होते.

"मग काय म्हणाल्या तुझ्या पैसेवाल्या बाई?"

"म्हणाल्या, नव्वद दिवसांत जे एकदाही वाजलं नाही, ते चालतं हे कशावरून मानू?"

वाजायची होती ती काडेपेटीएवढी डबी. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या घरात पाणी येतं, त्या नळीला ती बसवायची. सकाळी नऊपर्यंत घरातला एकही नळ उघडला नाही, तर मुलाबाळांच्या फोनवर घंटा. एरवी डबी गप्प. धाकटीनं आणि तिच्या चष्मिश भागीदारानं चांगल्या नोकऱ्या सोडून त्यापायी दोन वर्षं झिजवली होती. पहिली डबी नव्वद दिवसांपासून आप्पांच्याच घरी. आई गेल्यापासून ते एकटे, आणि धाकटी गावाच्या दुसऱ्या टोकाला. पण आप्पा पडले जुने शिंपी, सहाच्या ठोक्याला उठणारे. घंटा वाजणार कशी?

"उद्या शेवटची भेट. बाई पैसे गुंतवायला नाही म्हणाल्या तर परवा गाशा गुंडाळायचा."

"म्हणजे मी धडधाकट आहे, हाच माझा गुन्हा!"

"आप्पा, थट्टा सुचतेय तुम्हाला?"

"अगं, हँगरवर सगळाच कपडा छान दिसतो. गिऱ्हाईक पटतं ते अंगावर चढवल्यावर." त्यांनी दातानं दोरा तोडला. "किती वाजता आहे भेट?"

"साडेआठ."

आप्पांनी कानावरची पेन्सिल काढून मापवहीत काहीतरी टिपलं. गिऱ्हाइकाच्या कॉलरपासून दवाखान्याच्या वेळेपर्यंत ते सगळंच तिथं टिपत.

"जाताना ती बादली भरून ठेव. कुंड्यांना शिळं पाणी बरं असतं."

तिनं बादली भरली आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या ऑफिसात चष्मिशनं आलेख दाखवले, आकडे सांगितले. बाई घड्याळ बघत होत्या. "पोरांनो, कल्पना गोड आहे. पण..."

तेवढ्यात धाकटीचा फोन कर्कश वाजला. नऊ वाजून एक मिनिट.

"वा! ठरवून वाजवलंत की काय?" बाई हसल्या.

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिनं आप्पांना फोन लावला. पलीकडे नुसतीच रिंग. पुन्हा लावला. मग पर्स, कागद, गुंतवणूक सगळं टेबलावर टाकून ती धावत सुटली.

बाई उघड्या दाराकडे बघत राहिल्या. "ही नाटक नाही करत."

"तिला नाटक येतच नाही," चष्मिश म्हणाला.

"मग बसलायस काय? माझी गाडी आहे खाली."

जिन्याच्या पायरीवरच त्यांनी तिला गाठलं आणि तिघंही आप्पांच्या घरी पोचली. आप्पा पलंगावर चादर ओढून पडले होते. धाकटीनं हलवल्यावर त्यांनी डोळे किलकिले केले.

"डोळा लागला गं जरा. इतकी माणसं कशाला आणलीस?"

ती त्यांच्या गळ्यात पडून लहान पोरीसारखी रडली. त्यांच्या गालाला साबणाचा वास येत होता.

बाई दारातच उभ्या होत्या. "माझी आई तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते," त्या हळूच म्हणाल्या. "तिच्याकडे आजच एक डबी लावा. बाकीचं उद्या कागदावर."

तीन वर्षांत डब्या चाळीस हजार घरांत पोचल्या. बाईंच्या आईकडची घंटा एकदा खरोखरच वाजली. न्हाणीघरात पडलेली म्हातारी वेळेवर सापडली आणि पुढं सहा वर्षं लेकीशी भांडत जगली. चष्मिशला टक्कल पडलं. हाताखाली दोनशे माणसं आली, तरी नवी डबी तो स्वतः बसवून बघतो. बाईंनी काम सोडलं, पण त्या दिवसाची गोष्ट अजून भेटेल त्याला सांगतात.

आप्पा आणखी नऊ वर्षं जगले. त्यांच्या घरची घंटा पुन्हा वाजली ती शेवटच्या सकाळी.

घर आवरताना धाकटीच्या हाती दोन हजार बाराची मापवही आली. एका पानावर कुणाची तरी कॉलर साडेपंधरा, बाही चोवीस, आणि खाली त्याच पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'उद्या नऊ वाजेपर्यंत नळ नाही. चहा, दाढी बादलीतल्या पाण्यात. फोन उचलायचा नाही. पोरीची ट्रायल आहे.'