चंद्राच्या उतारावर

यानाचे ब्रेक लागेनात. चंद्र समोरून धावत येत होता, प्रोफेसर दांड्याला लोंबकळत होते आणि भागवत आचारी ओरडत होता, "आधी माझं पिठलं उतरवा, मग मरू!"

राजनंदिनीला असं हसू फुटलं की पुढची ओळ वाचता येईना. पुस्तक छातीशी धरून ती खुर्चीतच वाकली. शेजारी पलंगावर तिचे अप्पा, म्हणजे वडील सिद्धराम, भिंतीकडे तोंड करून पडले होते. आपण त्यांच्याजवळ बसलोय हेच ती मघापासून विसरली होती.

चार महिन्यांपूर्वी सिद्धरामना अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरले, उजवा हात थोडा सावरला, पण वाचा गेली ती गेली. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी चित्रांची कार्डं दिली होती. कप, चमचा, पोपट. आयुष्यभर एसटी चालवलेल्या माणसापुढं पोपट धरायचा आणि विचारायचं, "हे काय?" दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी कार्डं खिडकीबाहेर भिरकावली. मग राजनंदिनीनं वर्तमानपत्र वाचून दाखवलं. आई, बजाबाई, शेजारून पोथी घेऊन आली. पण सिद्धरामनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. परवा बाई स्पष्ट म्हणाल्या, "शब्द आत आहेत हो. पण त्यांनी प्रयत्नच सोडलाय. असेच दिवस गेले तर अवघड होईल."

हे पुस्तक तिनं त्यांच्यासाठी आणलंच नव्हतं. नवी पेठेत रिक्षाची वाट बघताना रद्दीवाल्याच्या ढिगात ते दिसलं. कव्हर फाटलेलं, त्याबरोबर लेखकाचं नावही गेलेलं. सहज उघडलं तर पहिल्याच पानावर उसाच्या रसावर चालणारं यान, आणि पाटा-वरवंट्याशिवाय अंतराळात यायला तयार नसलेला आचारी. राजनंदिनी शाळेत विज्ञान शिकवते. पोकळीत असले ब्रेक लागत नाहीत आणि चंद्राकडे जाताना उतार लागत नाही, हे तिला कळत होतं. पानागणिक एक तरी चूक सापडत होती. लाल पेन हातात असतं तर पुस्तक रंगून गेलं असतं. तरी पान उलटेपर्यंत धीर निघत नव्हता. मरण चार फुटांवर आलंय आणि ही माणसं मिठावरून भांडतायत, भांडता भांडता काहीतरी शक्कल काढून जगतायत! लहानपणी सुट्टीत माळ्यावर लपून वाचताना हाका ऐकू यायच्या नाहीत, तसंच तिचं इतक्या वर्षांनी पुन्हा झालं होतं.

आज रविवार. दुपारी अप्पांजवळ बसायची पाळी तिची होती. पुस्तक खाली ठेववेना, आणि असलं काही मनात वाचणं तिला जमेना. म्हणून ती मोठ्यानं वाचत होती.

डोळे पुसून तिनं पुन्हा सुरुवात केली. वजन हरवलेला वरवंटा तरंगत तरंगत आला आणि ब्रेकच्या दांड्यावर आदळला. दांडा तुटला.

"यान आता उतारावर सुसाट सुटलं," तिचा आवाज आपोआप चढला. "प्रोफेसरांनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. पुन्हा दाबला. पुन्हा..."

"गेर!"

ती थांबली. खोलीत तिसरं कुणीच नव्हतं. आई स्वयंपाकघरात होती.

सिद्धराम वळले होते. कोपरावर जोर देऊन ते उठून बसत होते. मानेच्या शिरा फुगल्या होत्या, नजर पुस्तकावर खिळली होती, आणि डावा हात हवेतच काहीतरी मागं खेचत होता.

"गेर... गेर टाक की!" आवाज गंजलेल्या दारासारखा होता. "दुसरा! ब्रेक न्हाय तर... दुसरा गेर!"

"अप्पा?"

"वाच की! पडंल ते!"

राजनंदिनीनं बोटानं ओळ शोधली. अक्षरं धूसर झाली, तरी तिनं वाचलं, कारण समोरचा माणूस श्वास रोखून बसला होता. प्रोफेसरांनी घाबरून भलताच खटका ओढला आणि यानाचा वेग दुप्पट झाला. सिद्धरामनी कपाळावर हात मारला.

"येडं हाय!"

ती हसत होती, रडत होती, आणि ओरडत होती, "आई! आई, लवकर ये!"

बजाबाई पिठानं भरलेल्या हातांनी धावत आली. "काय झालं गं? कोण वरडलं?"

"अप्पा बोलले!"

बजाबाई दारातच थिजली. "बोललं? माजं नाव घेतलं?"

"नाही गं. गेर टाक म्हणाले."

"गेर?" ती नवऱ्याकडं बघत राहिली. "अवो, चार म्हयनं मी हाका मारतिया, आन् तुमाला गेर सुचला व्हय?"

सिद्धरामनी तिच्याकडं पाहिलं. ओठ हलले, पण शब्द आला नाही. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले, पुन्हा ओठ हलवले. मायलेकींनी त्यांना शब्दासाठी असं झगडताना आज पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी पाय बाजूला घेतले, पलंगाच्या कडेवर हात थोपटला आणि एकेक शब्द ओढून काढला.

"बस... हितं. गाडी... सुटली."

ड्यूटीवर घरचं माणूस नको, म्हणत ज्या नवऱ्यानं अख्ख्या नोकरीत तिला एकदाही आपल्या गाडीत बसू दिलं नव्हतं, त्याच्या शेजारी बजाबाई पिठाचे हात तसेच घेऊन बसली आणि चंद्राकडं निघाली.