दुसरा कान

फार्मासिस्टचा परवाना टिकवायचा तर दरवर्षी परिषदेला हजेरी लावावीच लागते. म्हणून सहा दिवस काउंटरवर उभी राहून सातव्या दिवशी मी इथे येऊन बसले होते, आणि औषधाच्या दुकानात औषधं काढून देणारी आमची टेक्निशियन एकटीच होती.

व्याख्यानाचा विषय होता, एकाने काढलेलं औषध दुसऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी तपासल्याशिवाय द्यायचं नाही. माझे डोळे उघडे राहत नव्हते. तेवढ्यात टेक्निशियनचा फोन आला.

“ताई, तान्ह्या बाळाचं औषध आहे. डोस दोनदा मोजलाय, पण तपासायला कुणी नाही. बाळाची आई रडकुंडीला आलीय. देऊ का?”

“वजन किती बाळाचं?” मी खुर्चीआड वाकून विचारलं. तिने वजन आणि मोजलेला डोस सांगितला. हातातल्या कार्यक्रमपत्रिकेवरच मी गुणाकार केला, आकडा जुळला. “बरं, दे.”

मान वर केली तर अख्ख्या रांगेत तेच चाललेलं. पुढचे काका तोंडावर हात धरून “द्या, द्या” करत होते.

“फोन ठेवा आधी!” व्यासपीठावरच्या बाई कडाडल्या. “तासभर मी दुसरी नजर म्हणतेय, दुसरा कान नव्हे!”

आम्ही शाळेतल्या पोरांसारखे फोन मांडीखाली सारले.

मग बाईंचाच फोन थरथरला. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि माइकवर हात ठेवला.

 

हात नीट बसला नव्हता. “वजन किती? … बरं, दे,” सगळ्या सभागृहाला ऐकू आलं, आणि हसलं कुणीच नाही.