दंडावरचा डाग

तामलवाडीच्या चौकात सात वर्षांच्या गिरिजाचा सत्कार होता. गावची पोर रोज टीव्हीवर दिसते, म्हणून तिच्या आप्पांनाही फेटा बांधला होता. मालिकेत तिला छळणारी सावत्र आई झालेली नटी पाहुणी म्हणून आली होती. ती स्टेजवर चढली आणि खालून पहिली चप्पल आली.

"लेकराला उलथण्यानं चटके देती व्हय गं?" म्हणत रुद्रम्मा वर धावली. सोमवारीच तो भाग सगळ्या गावानं रडत बघितला होता. पाठोपाठ दहा बायका चढल्या. नटीला केस धरून खाली पाडलं, ओठ फुटला, कपाळातून रक्त आलं.

"अहो, ते नाटक होतं!" ती ओरडत होती.

रुद्रम्मानं गिरिजाची बाही वर सारली. दंडावर काळा डाग होता. "आन् हे? हे बी नाटक हाय?"

मार आणखीच वाढला. गिरिजा बायकांच्या पायांतून घुसली आणि नटीच्या अंगावर आडवी पडली.

"मावशीला मारू नका! तिचं उलथणं थंडगार असतंय. घरी आप्पा सराव घेतात, तवाच ते तापवतात."