रविवारचा ससा

लेकीसाठी चालून आलेलं स्थळ फ्रान्सच्या ब्रेस्ट बंदरातल्या मादाम केरव्हेलांना पहिल्या दिवसापासून खुपत होतं. नौदलातला कप्तान, कोटावर सोनेरी पट्ट्या, तोंडी सदा वादळं आणि लढाया. लेक तर पार हुरळून गेलेली. म्हणून आज बाईंनी मुद्दाम ससा रांधला.

"कशाचं मटण आहे, ओळखा बघू, कप्तानसाहेब!"

"ससा! आमच्या जहाजावर दर रविवारी असायचा."

बाईंनी हातातला डाव खाली ठेवला.

"हिचे वडील जन्मभर जहाजावर होते. ससे दोरखंड कुरतडून जहाज बुडवतात, म्हणून आमचे खलाशी त्यांचं नावसुद्धा घेत नाहीत. हे तर मरेपर्यंत घरातही 'लांबकान्या'च म्हणाले."

त्याचा काटा हवेतच थांबला.

"काढ तो कोट," बाई म्हणाल्या. "आणि ज्याचा आहे त्याचं काय केलंस, ते सांग."