धावदोरा

आरोग्य केंद्रातल्या यंत्राने गोधडीचा चौकोन आत ओढून घेतला, तसा लाइनमन श्रीपती घोलप उगाच छताकडे बघू लागला.

कामावरचा जोडीदार डोळ्यांदेखत विजेच्या खांबावरून पडून वारला, तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर सुईदोराही लिहून दिला होता. रोज चार ओळी धावदोरा घालायचा आणि दर सोमवारी आणून दाखवायचा. टाक्यांवरून यंत्र मन वाचायचं. मन सावरलेलं दिसलं, की पुन्हा खांबावर चढायची परवानगी.

पण बाप्यामाणसानं ओट्यावर बसून गोधडी शिवायची? पहिल्याच दिवशी त्याने ते कापड बायकोकडे सरकवलं होतं.

"द्या इकडं," हौसाबाई हसून म्हणाली होती. ती सदा गुणगुणत असायची. तिचे टाके पास होणारच, अशी त्याची खात्री होती.

तडवी सिस्टरांनी पडद्यावरचा निकाल दोनदा वाचला. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"घोलपभाऊ, आज तुम्हाला घरी सोडत नाही. हे टाके घालणाऱ्याला जगावंसंच वाटत नाहीये. किती दिवस सोसताय हे?"

श्रीपतीच्या कानशिलांची आग झाली. किती दिवस, ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याने कधी विचारलंच नव्हतं.

दारातून बाहेरचा बाक दिसत होता. त्याचा डबा मांडीवर घेऊन हौसाबाई बसली होती. नजरानजर होताच ती नेहमीसारखी हसली.

"सिस्टर," तो खाली मान घालून म्हणाला, "हे टाके माझे नाहीत."