खोडींची चिठ्ठी

डॉक्टरांनी आसियाच्या आजाराचं नाव सांगितलं, त्याच संध्याकाळी तिने आपली मुठीएवढी वाइड लेन्स पुसून डब्यात ठेवली आणि सोबत एक चिठ्ठी लिहिली. कामोठ्यातल्या चिमुकल्या खोल्या कोपऱ्यांसकट एका फोटोत बसवणारी ती लेन्स होती.

आसिया गेल्यावर सहा महिन्यांनी तिच्या नवऱ्याने, रहीमने, ती विकायला काढली. घ्यायला आलेल्या हिबाने टॉर्च मारून काच न्याहाळली.

"चाचा, पनवेलच्या दमट हवेत इतकी जुनी लेन्स, आणि बुरशीचा ठिपका नाही? मग दुसरं काहीतरी लपवताय."

रहीमने चिठ्ठी पुढे केली.

'डावा कोपरा किंचित धूसर येतो. फोकस करताना करकरते. एकदा ओट्यावरून पडली होती. माझ्याच हातून, बोलणी मात्र यांना बसली.'

हिबाने एकेक खोड तपासली. सगळ्या खऱ्या निघाल्या.

"विकताना असं कोण लिहितं, चाचा? आता डोळे मिटून घेते. पण ही चिठ्ठीपण द्या. पुढे मी विकली तर लागेल."

"लेन्स घेऊन जा, बेटा. चिठ्ठी उद्या पाठवतो."

त्याला आता चार महिने झाले. चिठ्ठी पाठवायची राहिली आहे.