सात नंबरचा पंप

पडद्यावरची पिवळी पिन लाल झाली. मर्लीननं पुन्हा गणित चालवलं. पुन्हा लाल.

ओक्लाहोमातल्या त्या ऑफिसात तिचं कामच ते होतं. गॅसच्या विहिरीत पाणी साचलं की गॅस अडतो, म्हणून प्रत्येक विहिरीवर मान हलवत पाणी उपसणारा पंप. त्यानं आजवर किती फेरे मारले, किती भार ओढला, हे भरलं की लोखंड कुठे किती झिजलं ते कंप्युटर दाखवायचा. सात नंबरच्या पंपाची मान पेलणारी लोखंडी पिन आज-उद्याची सोबती होती. ती तुटली की गाडीएवढं वजन खाली येणार.

त्या विहिरींवर रोज फिरायचं काम तिच्या वडिलांचं, रॉयसचं. उघड्या माळावरचा वारा चुकवायला ते कुठल्यातरी पंपाला खेटूनच जेवायला बसत. तिनं फोन लावला.

"बाबा, कुठे आहात?"

"सातवर. आत्ताच डबा उघडलाय. काय साहेबीण, तुझ्या मशीननं आज कुणाला मारलं?"

"थट्टा नको. उठा तिथून. पंपाला हातही लावू नका, मी माणसं पाठवते."

"अगं, हा तर रविवारी चर्चमध्ये बसल्यासारखा गुमान चालतोय."

"बाबा, आई गेल्यावर मला तुमच्याशिवाय कोण आहे? उठा ना."

पलीकडे डब्याचं झाकण लावल्याचा आवाज आला.

"बरं बाई, उठलो. बारावर जाऊन खातो. मग तर झालं?"

तिनं बारा नंबर उघडला. सगळा हिरवागार, कालच आणल्यासारखा.

"तिथे बसा खुशाल."

माणसं सातकडे निघाली. मर्लीननं कॉफी ओतून घेतली. थोड्या वेळानं तिनं परत फोन केला. मागे ठक, ठक असं काहीतरी वाजत होतं. लाईन खराब असेल.

"पोचलात?"

"कधीचाच. टेकून बसलोय."

"बरं केलंत. बाराचा पंप चांगला आहे."

"चांगला कसला, म्हातारा झालाय, कण्हतोय बघ." ते घास चावत हसले. "मागं सातचं पाणी फार वाढलं ना, तेव्हा बाराचा दणकट पंप आम्ही तिकडे नेला. ऑफिसला कशाला त्रास द्यायचा, घरातल्या घरातलं काम. आणि चालतं लोखंड कोण टाकून देतं? सातचा होता तो इथं आणून बसवला."